१ मे ला नागपुरातला कामगार असतो कुठं?

गांधीसागर | ३० एप्रिल, रात्री ९:१०

उद्या १ मे. दुपारपासून मोबाइलवर तीन प्रकारचे मेसेज येऊन पडलेत. एक, महाराष्ट्र दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. दोन, 'विदर्भासाठी काळा दिवस'. तीन, जागतिक कामगार दिन, ज्यातला पिवळं हेल्मेट घातलेला माणूस चक्क युरोपातला आहे. तिन्ही मेसेज एकाच माणसानं एकाच ग्रुपवर टाकलेत, त्याचं कौतुक वाटतं.

उद्या कस्तुरचंद पार्कवर झेंडा, परेड, पालकमंत्र्यांचं भाषण. दुसरीकडे विदर्भवाद्यांचे काळे झेंडे. लाल झेंड्यांची एखादी रॅली निघेल, पेपरात आतल्या पानावर येईल. कामगार दिनाचा इतिहास म्हणून जे छापून येईल ते दरवर्षीचंच: शिकागो, १८८६, आठ तास. मग मुंबईच्या गिरण्या. मग शुभेच्छुकांचे फोटो.

यात नागपूर कुठंच नसतं, आणि माझी तक्रार तीच आहे. शिकागोच्या नऊ वर्षं आधी, १८७७ साली, आपल्या एम्प्रेस मिलच्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला होता. भारतातल्या कापड गिरण्यांमधला नोंद झालेला पहिला संप म्हणून कामगार चळवळीच्या जवळपास प्रत्येक इतिहासात त्याची एक ओळ असते. एकच ओळ, पण असते. नागपुरात मात्र ती कोणाला ठाऊक नाही. जमशेटजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. म्हणजे मिलचं पहिलं वर्षही सरलं नव्हतं आणि माग थांबले होते!

ज्या शहरात हे घडलं तिथं १ मे ला त्याचा उल्लेख नाही, पाटी नाही, फलक नाही. मिलच्या जागी मॉल आहे. तिथं उद्या सेल असेल बहुतेक.

या धाग्यावर नागपूरच्या कामगारांचा इतिहास ज्याला जेवढा माहीत असेल तेवढा टाकावा. महाराष्ट्र-विदर्भ वाद घालायला दुसरे दोनशे धागे आहेत.

---

राजाभाऊ_महालवाले | ३० एप्रिल, रात्री ९:३५

वाद घालू नका म्हणतो अन् स्वतःच काळ्या झेंड्याचा विषय काढतो. वा रे भाऊ!

हे पाय, १ मे १९६० ले नागपूरले काय भेटलं? मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं आपलं गाव. १९५६ त राजधानी गेली. १९५३ च्या नागपूर कराराच्या नावावर हिवाळी अधिवेशन देल्लं, आता ते बी दोन आठवड्यात गुंडाळतेत. कामगार दिन करा नं, कोण नाई म्हणते? पण त्या दिवसावर महाराष्ट्र दिन आणून ठेवला तवा कामगार मागं पडणारच. मी तं उद्या काळी फीत लावून जाऊन रायलो.

---

जुनी_कागदं | ३० एप्रिल, रात्री १०:०५

धागा आवडला. एक भर घालतो, म्हणजे उद्या कोणी हे मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकलं तर तोंडघशी पडायला नको.

१८७७ चा संप हा कापड गिरणीतला पहिला, भारतातला पहिला नव्हे. त्याच्या १५ वर्षं आधी, १८६२ साली, हावडा स्टेशनच्या सुमारे १२०० रेल्वे कामगारांनी काम बंद केलं होतं आणि त्यांची मागणी होती आठ तासांची. शिकागोच्या २४ वर्षं आधी, बंगालमध्ये! आठ तासांची घोषणा त्याहून जुनी. इंग्लंडात रॉबर्ट ओवेननं १८१७ मध्येच आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास झोप असं मांडलं होतं. मेलबर्नच्या गवंड्यांनी १८५६ मध्ये ते पदरात पाडूनही घेतलं.

एम्प्रेसबद्दल आणखी एक गोष्ट. १८८६ मध्ये शिकागोत रक्त सांडलं, त्याच वर्षी एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाई. सरकारी कायदा यायला १९२३ उजाडलं. ही कामं करणारे मॅनेजर बेझनजी मेहता. बेझनबाग त्यांच्याच नावानं.

---

विश्वकर्मा_१७ | ३० एप्रिल, रात्री १०:२०

हेच म्हणायचं होतं. मालक चांगला असेल तर संघर्ष कशाला? एम्प्रेस हे त्याचंच उदाहरण आहे. १ मे ही परदेशातून आलेली प्रथा, त्यात बॉम्ब आहे, फाशी आहे. आम्ही भारतीय मजदूर संघाचे लोक १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती हाच राष्ट्रीय श्रम दिवस मानतो. दत्तोपंत ठेंगडी आपल्या आर्वीचे, कॉलेज नागपुरात. २३ जुलै १९५५ ला भोपाळला संघटना काढली. नागपूरचा कामगार इतिहास लिहिणार असाल तर हेही लिहा.

---

गांधीसागर | ३० एप्रिल, रात्री १०:४५

@विश्वकर्मा_१७, लिहिलं की. ठेंगडींशिवाय यादी अपुरीच राहील.

पण क्रम बघा. संप १८७७ चा, पेन्शन फंड १८८६ चा, भरपाई १८९५ ची. संपामुळेच फंड आला असं मी म्हणत नाही. मालक भला होता म्हणून कामगाराला काही मागावं लागलं नाही, हे मात्र या तारखांमधून निघत नाही.

---

अनुजा_धरमपेठ | ३० एप्रिल, रात्री ११:००

मला एक विचारायचंय. शिकागोत नेमकं झालं काय? दरवर्षी 'कामगारांवर गोळीबार झाला' एवढंच वाचते. आता वर कोणी बॉम्ब म्हणालं. बॉम्ब कोणी टाकला मग?

---

जुनी_कागदं | ३० एप्रिल, रात्री ११:३०

थोडक्यात सांगतो. १ मे १८८६ ला अमेरिकेत ठिकठिकाणी आठ तासांसाठी संप सुरू झाला, लाखो कामगार उतरले. ३ मे ला शिकागोत मॅकॉर्मिक या शेती अवजारांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कामगार मेले. त्याच्या निषेधाची सभा ४ मे ला संध्याकाळी हेमार्केट चौकात. शहराचा महापौर स्वतः येऊन ऐकून गेला, सगळं शांत आहे म्हणाला. पाऊस यायला लागला, माणसं पांगली. आणि सभा संपता संपता पोलिसांची तुकडी ती उधळायला आली. तेवढ्यात गर्दीतून बॉम्ब पडला, मग पोलिसांचा गोळीबार. सात पोलीस गेले, निदान चार नागरिक गेले.

बॉम्ब कोणी टाकला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. खटला आठ जणांवर भरला, आणि बॉम्ब यांनी फेकला असा पुरावा कोणाविरुद्धच नव्हता. त्यांची भाषणं आणि त्यांची छापील पत्रकं हाच पुरावा. सात जणांना फाशीची शिक्षा सुनावली. दोघांची जन्मठेपेवर आली, लिंग नावाच्या पोरानं आदल्या दिवशी तुरुंगातच जीव दिला, आणि स्पाइस, पार्सन्स, फिशर, एंगल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फासावर चढवलं. १८९३ मध्ये आल्टगेल्ड या गव्हर्नरनं उरलेल्या तिघांना माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असं लिहून ठेवलं. त्यानंतरची निवडणूक तो हरला.

१८८९ मध्ये पॅरिसला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की १ मे १८९० ला सगळीकडे आठ तासांसाठी निदर्शनं करायची. तिथून हा दिवस लागला. भारतात पहिला १ मे १९२३ साली मद्रासला, सिंगारवेलू चेट्टियार यांनी समुद्रकिनाऱ्यावर साजरा केला.

---

मिहानची_मीनल | १ मे, पहाटे ४:५०

नाइट शिफ्टमधून लिहितेय. हो, १ मे ला. आमचा क्लायंट अमेरिकन, त्यामुळे सुट्ट्याही अमेरिकन. गंमत म्हणजे ज्या देशात हे सगळं घडलं तिथं १ मे ला सुट्टी नसते! त्यांचा लेबर डे सप्टेंबरचा पहिला सोमवार. मागच्या सप्टेंबरात टीम लीडला विचारलं, असं का? त्याला माहीत नव्हतं, म्हणून मीच शोधलं. न्यूयॉर्कला सप्टेंबर १८८२ मध्ये कामगारांची मिरवणूक निघाली होती, तिथून ती तारीख आली. देशभराची सुट्टी १८९४ मध्ये. त्याच वेळी पुलमन रेल्वे डब्यांच्या कारखान्याचा संप चालू होता आणि अध्यक्ष क्लीव्हलंडनं तो मोडायला लष्कर धाडलं. एका हातानं सुट्टीच्या कायद्यावर सही, दुसऱ्या हातानं फौज.

आमच्याकडे नऊ तासांची शिफ्ट असते, कागदावर. पुढच्या शिफ्टला काम सोपवायचा हँडओव्हर कॉल शिफ्टनंतर. तो कामात धरत नाहीत.

---

कामठीकर | १ मे, सकाळी ८:१५

कामठीचं नाव अजून निघालं नाही म्हणून लिहितो.

बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे. 'जय भीम' हा नमस्कार ज्यांनी रूढ केला ते. लोकांना तेवढंच माहीत असतं. पण त्यांनी १९३२ च्या सुमारास विडी कामगारांचा मध्यप्रांत विडी मजदूर संघ उभा केला. १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते नागपूर-कामठीतून निवडून आले, आणि १९३९ ला, वयाच्या पस्तिशीतच, गेले. कन्हानच्या काठी त्यांचं स्मारक आहे.

विडीचं काम ज्यानं पाहिलं नाही त्याला कळत नाही त्यात संघटना करणं किती अवघड. गिरणीत हजार माणसं एका भोंग्यावर आत जातात. विडी घराघरात वळली जाते. माझी आजी सूप मांडीवर घेऊन बसायची. तेंदूचं पान भिजवलेलं, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हात चालू, नजर चुलीवरच्या भातावर. संध्याकाळी जुड्या घेऊन कारखान्यात जायचं, तिथं मुनीम मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्या छाटीचे पैसे नाहीत, पण छाट परतही नाही! ती तो विकायचा. हजार वळा, मोजणार कमी. या बायकांना एकत्र आणायचं म्हणजे एकेका दारात जायचं. हरदासांनी ते केलं.

---

राजाभाऊ_महालवाले | १ मे, सकाळी ८:४०

कामठीकर, मानलं भाऊ तुमाले. छाटीचं आमच्या बुवाच्या तोंडून ऐकलं होतं.

आमच्या इकडं कोष्ट्याईचं बी तसंच. महालात, गोळीबार चौकात, घराघरात माग. मिलचं सूत सस्तं झालं तसं मिलचं कापड बी सस्तं झालं, अन् हातमागवाला गेला मिलमध्येच कामाले. घरी मालक होता, तिथं बदली कामगार झाला. रोज गेटवर जाऊन उभं राहाचं, कोणी गैरहाजर असन तं आत घेत, नाई तं घरी. माझा आजा लूम खात्यात होता. मागाच्या आवाजानं कान गेलेले. तिथं सारे ओठ पाहूनच समजत, अन् हाताच्या खुणा. घरी आला की जोरात बोले, आजी म्हणे, 'अवो, मिल सुटली नं!' डोक्याच्या केसात, भुवयात कापूस. तो धुतल्यावरच त्याले ताट भेटे.

---

अनुजा_धरमपेठ | १ मे, सकाळी ९:३०

राजाभाऊ, काळी फीत लावायला निघायचं होतं ना? 😀

आठ तास बाबासाहेबांनी आणले, हे बरोबर का? आमच्या ग्रुपवर यावरून जुंपलीय. एक जण म्हणतो लोखंडेंनी आणले.

---

जुनी_कागदं | १ मे, सकाळी १०:१०

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांच्या लढ्यानं मुंबईच्या गिरणी मालकांनी १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्यांनी त्यांना हात जोडावेत.

कामाचे तास पायरीपायरीनं उतरले. १९११ च्या कायद्यात गिरणीतल्या पुरुषांना १२ तास. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६०. १९३४ मध्ये १० आणि ५४. आणि १९४६ च्या दुरुस्तीनं ९ आणि ४८, म्हणजे सहा दिवसांचे सरासरी आठ. ही दुरुस्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाची, त्यामुळे श्रेय त्यांना देणं योग्यच आहे.

आणि इथंही नागपूर आहे. बाबासाहेबांनी मजूर खात्याची सूत्रं हाती घेतली जुलै १९४२ मध्ये, आणि त्याच महिन्यात नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित परिषद भरली होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या पक्षाची स्थापना तिथलीच.

नागपूरचं आणखी एक. १९२९ च्या हिवाळ्यात 'आयटक'चं, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं, अधिवेशन नागपुरात झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सरकारनं कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगावर बहिष्कार घालायचा की नाही, यावरून इथं संघटना फुटली. ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी, दिवाण चमनलाल बाहेर पडले आणि वेगळा महासंघ काढला. नेहरू इथून लाहोरला गेले, पूर्ण स्वराज्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून. आणि ज्या गावात फूट पडली त्याच गावात १९३८ मध्ये दोन्ही गट पुन्हा जवळ आले. नागपूरच्या गिरणी कामगारांचे पुढारी रामचंद्र सखाराम रुईकर हे मधल्या काळात आयटकचे अध्यक्षही होते.

---

गांधीसागर | १ मे, दुपारी १२:४०

मला रुईकरांबद्दल इतकंच ठाऊक होतं की त्यांच्या नावाचा रस्ता आहे. धन्यवाद.

सकाळी परेडला न जाता आमच्या चौकातल्या ठिय्यावर गेलो होतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, रोजंदारीचे मजूर सकाळी कामाच्या आशेनं उभे राहतात ती जागा म्हणजे ठिय्या. साडेसातला शंभरेक माणसं असावीत. बालाघाटकडची, छत्तीसगडची, थोडी भंडारा-गोंदियाची. बायकांच्या हातात घमेलं, त्यात डब्बा आणि पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. एक मोटारसायकल थांबली की दहा-बारा जण धावतात. ठेकेदार गाडीवरून उतरतही नाही, बोटानं दाखवतो, तू आणि तू. बायकांचा दर वेगळा, अर्थात कमी.

एका बाईला विचारलं, आज कामगार दिन, माहीत आहे का? म्हणाली, 'आज सरकारी साइट बंद हाय न भाऊ, म्हणून गर्दी जास्त अन् काम कमी.' साडेनऊपर्यंत निम्मी माणसं तिथंच होती. दहाला ऊन डोक्यावर आल्यावर उठून गेली. ज्यांच्या नावानं सुट्टी, त्यांची रोजी बुडाली.

---

विश्वकर्मा_१७ | १ मे, दुपारी १:१५

हे वाचून वाईट वाटलं. १७ सप्टेंबरलाही चित्र वेगळं नसतं, हे मान्य करावं लागेल. ठिय्यावर कोणतीच युनियन फारशी जात नाही. वर्गणी कोण देणार?

---

लेबर_कोर्टवाला | १ मे, दुपारी ३:००

सुट्टीचं कायद्यातलं गणित सांगतो.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार पगारी सुट्ट्या पक्क्या, शिवाय आणखी चार सणांच्या. १ मे ला कामाला बोलावलं तर दुप्पट मजुरीची तरतूद आहे. पण २०२५ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच पूर्ण लागू होतो. इतवारी-सीताबर्डीतली किती दुकानं एकोणीस माणसांच्या आतच थांबतात, ते मोजून बघा.

ठिय्यावरच्या माणसाला सुट्टी नाहीच, कारण त्याला मालकच नाही. त्याच्यासाठी बांधकाम कामगार मंडळ आहे. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर त्यासाठी घेतला जातो. नोंदणीला अट काय, तर मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. आता ज्याचा ठेकेदार रोज बदलतो त्यानं ९० दिवसांचा दाखला कोणाकडून आणायचा? महापालिका किंवा ग्रामसेवकाकडून मिळू शकतो, पण त्यासाठी चकरा, आणि चकरा म्हणजे बुडालेली रोजी. मग मधे एजंट येतो. पुढचं लिहायला नको.

हमालांचं तुलनेनं बरं आहे, कारण १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत लढून आणलेला. त्यात कोणत्याही एका व्यापाऱ्याकडे कायम नसलेल्या हमालाची मजुरी मंडळात जमा होते, त्याच्या नावे फंड, बोनस, रजा निघते. मालक एक नसला तरी संरक्षण देता येतं, हे आपल्याच राज्यानं तेव्हाच करून दाखवलंय. ठिय्यासाठी ते का होऊ नये, हा खरा १ मे चा प्रश्न आहे.

@मिहानची_मीनल, २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत आणि दुकाना-ऑफिसांतले ९ वरून १० पर्यंत नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तसेच ठेवून. नोव्हेंबरात केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले. तुमचा हँडओव्हर कॉल हे कामच आहे. लॉग-इनच्या वेळा जपून ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, स्वतःकडे.

---

राजाभाऊ_महालवाले | १ मे, संध्याकाळी ७:२०

काळी फीत लावून आलो. तिथं एका पोट्ट्याले १८७७ सांगितलं. तो म्हणे, 'काका, हे तं विदर्भावर अन्यायाच्या यादीत टाकाले पायजे.' मी म्हटलं टाक बे, पण मुंबईवाल्याईनं दाबलं असं नको लिहू. आपणच विसरलो.

वकीलसाहेब, एक विचारतो. आमच्या ओळखीचा एक पोरगा कपड्याच्या दुकानात हाय. सारे मिळून आठ जणं. मालक म्हणते, आठ जणांले कायदाच नाई, जे देऊन रायलो ते घे. महिन्याले देते ते मजुराच्या रोजीपेक्षा बी कमी पडते. हे खरं का?

---

लेबर_कोर्टवाला | १ मे, रात्री ८:०५

अर्धं खरं. सुट्टीचा नियम आठ जणांना लागू नाही. किमान वेतनाला मात्र माणसांची संख्या लागत नाही, एक नोकर असला तरी ते द्यावंच लागतं. त्याच्याकडे पगाराची चिठ्ठी नसणार, हे गृहीत धरतो. पैसे फोनवरून येत असतील तर बँकेचं स्टेटमेंट, रोखीनं मिळत असतील तर दुकानात असतानाचे फोटो, मालकाचे मेसेज, जे असेल ते. सोमवारी अकरानंतर पाठवा. आणि त्याला सांगा, मालकाला आधी काही बोलू नको.